शोधायचंय, पण आईवर केस न करता

माझा वाढदिवस १ जूनला असतो. आमच्या वर्गातल्या निम्म्या पोरांचा १ जूनलाच असायचा, कारण पहिलीत नाव घालताना जन्मतारीख ठाऊक नाही म्हणलं की मास्तर डोळे झाकून १ जून टाकायचे, पोरगं वयात बरोबर बसायचं आणि कुणाची तक्रार नसायची. त्यामुळं मला त्यात कधी काही वावगं वाटलं नाही. आता मी सांगलीत एका सेवा केंद्रात बसते, दिवसभर लोकांचे दाखले करते, उत्पन्नाचा, डोमिसाईल, नॉन क्रिमीलेयर, जातीचा. ओबीसी असेल तर १९६७ च्या आधीचा पुरावा, भटके विमुक्त असतील तर १९६१, एससी असेल तर १९५०, हे मला झोपेतनं उठवून विचारलं तरी सांगता येतं. लोक तहसीलमधनं कोतवाल बुकाची, म्हणजे गाव नमुना १४ ची नक्कल काढून आणतात, त्यात एवढीच एक ओळ असते, अमक्याला मुलगी झाली, तारीख, जात, गाव. पणज्याची असते, आज्याची असते. ती ओळ वाचून मी टाईप करते आणि पुढचा टोकन नंबर बोलावते.

माझी तशी ओळ कुठल्या बुकात असेल तर ती महाराष्ट्रातल्या बुकात बहुतेक नाही.

सरळच सांगते. साधारण १९९० च्या आसपास, मी तीन-चार वर्षांची असताना, मला कुणीतरी उचललं आणि बिहारमधल्या गया शहरात माझ्या आईवडलांना विकलं. आईवडील म्हणजे ज्यांना मी आई आणि दादा म्हणत आले ते, दुसरे मला माहीत नाहीत, म्हणून इथून पुढं आई म्हणलं की हीच आई समजा. दादा गेले त्याला बरीच वर्षं झाली. आई गावाकडं असते, खानापूर तालुक्यात, गुडघे गेलेत पण तोंड शाबूत आहे.

आता खानापूर तालुक्यातला माणूस गयेत काय करत होता असं सांगली-साताऱ्याबाहेरच्यांना वाटेल, इकडच्यांना वाटणार नाही. विटा, आटपाडी, खानापूर, तासगाव हा सगळा पट्टा गलाईवाल्यांचा. गलाई म्हणजे सोनं-चांदी गाळून शुद्ध करून द्यायचं काम, सराफ कट्ट्यातला जुना दागिना, कारागिराच्या दुकानातला झाडलेला कचरासुद्धा, मुशीत घालायचं, भट्टी लावायची, तेजाबात टाकायचं आणि त्यातनं सोनं वेगळं काढायचं. आमच्याकडं पाऊस नव्हता, टेंभू सिंचन योजनेचं पाणी यायला अजून बरीच वर्षं होती, म्हणून घरटी एकेक माणूस बाहेर पडला आणि बघता बघता देशातलं असं मोठं गाव राहिलं नाही जिथं सराफ बाजाराच्या मागच्या बोळात आपला गलाईवाला नाही. कोईमतूरला आहे, कोलकत्त्याला आहे, कानपूरला आहे, केरळात तर विचारूच नका. गावात मोठे मोठे बंगले बांधलेत, वर्षभर कुलूप, यात्रेला आणि लग्नसराईला उघडतात. या गलाईवाल्यांचं पुढं काम आहे म्हणून एवढं सांगितलं.

तर दादांचं दुकान गयेला होतं आणि आई तिथंच असायची, दुकानातल्या चार-पाच पोरांचं जेवण करायला. लग्नाला आठ-नऊ वर्षं झालेली, मूल नाही. मला लहानपणी सांगितलेली गोष्ट अशी की पितृपक्षात गयेला पिंडदानाला सगळा देश लोटतो, त्या गर्दीत एक बाई तापानं गेली, तिची पोरगी मागं राहिली, बाप सांभाळायला तयार नव्हता, म्हणून आम्ही तुला घेतलं. ही गोष्टसुद्धा मला दहावीत कळली, मामीकडनं, भांडणात. त्याच्या आधी गावाला सगळं ठाऊक होतं, मलाच नव्हतं. आत्या मला 'आणलेली' म्हणायच्या, मला वाटायचं यात्रेतनं आणलेली बाहुली म्हणतात तसं लाडानं म्हणतात. असो. मेलेल्या बाईची पोरगी, दयेपोटी आणलेली, त्यात वाईट वाटण्यासारखं काही नव्हतं, उलट मी आईदादांना मनोमन हात जोडले होते.

मग काही वर्षांमागं उन्हाळ्यात गावात लग्न होतं. सगळे बंगले उघडलेले, मांडवात निम्मे लोक हिंदीत बोलतायत, निम्मे तमिळमध्ये फोनवर. त्यात एक काका भेटले, ते पोरवयात दादांच्या दुकानात भट्टीवर होते. जेवण झाल्यावर सुपारी कातरत मला म्हणाले, "तुझ्या पायगुणानं आमची गया सुटली बघ." हसून म्हणाले. मी पण हसले आणि विचारलं कसं काय. त्यांना वाटलं मला माहीत आहे. म्हणून ते बोलत गेले.

ते म्हणाले पितृपक्ष बितृपक्ष काही नव्हता, तिळकुटाचे दिवस होते. गयेत थंडीत गल्लोगल्ली तिळकूट कुटतात, रात्रभर मोगऱ्यांचा आवाज, झोप लागत नाही, म्हणून त्यांच्या नीट ध्यानात आहे. एक बाई आली, गल्लीत कधीमधी दिसणारी, जुनी चांदी विकायला यायची. बरोबर मी. दादांनी तिला पैसे दिले, किती ते काकांना ठाऊक नाही. पुढं महिना-दीड महिन्यानं तीच बाई स्टेशनवर दुसऱ्या एका पोरासकट सापडली आणि पोलीस गल्लीत येऊन विचारायला लागले की ही कुणाकडं यायची. दादांनी त्या रात्रीत आईला आणि मला गाडीत बसवून गावाकडं धाडलं आणि दुकान बंद केलं. "मूस गार व्हायची पण वाट बघितली न्हाय," काका म्हणाले. नंतर दादांनी कोईमतूरला दुकान टाकलं आणि परत कधी बिहारात पाऊल ठेवलं नाही.

म्हणजे मेलेली आई नव्हतीच. कुणाचीतरी जिवंत पोरगी होते मी.

एक गोष्ट तेव्हा लख्ख आठवली. १९९६ च्या शेवटाला कोल्हापूरचं ते गावित मायलेकींचं प्रकरण बाहेर आलं, लहान पोरं पळवायची, चोरीला वापरायची आणि नको झाली की मारायची. तेव्हा कोल्हापूर, सांगली, सातारा सगळीकडं दुसरा विषय नव्हता, आया पोरांना अंगणात सोडत नव्हत्या. आमच्याकडं शेजारनं पेपर वाचायला यायचा. त्या दिवसांत आईनं तो बंद केला. शेजारची ताई पेपर घेऊन दारात आली तर आई म्हणली आमच्यात नको, पोरगी भितीया. मी अजिबात भीत नव्हते, मला तर पुढं काय झालं ते वाचायचं होतं. त्या बहिणींची फाशी हायकोर्टानं २०२२ मध्ये जन्मठेपेत बदलली ती बातमी मी मोबाईलवर वाचली तेव्हा आई शेजारी शेंगा फोडत होती, मी मोठ्यानं वाचून दाखवलं, ती उठून आत गेली. तेव्हा काका भेटले नव्हते, म्हणून मला त्याचा अर्थ लागला नाही.

लग्नावरनं आले आणि मी आईला विचारलं. घुमवून फिरवून नाही, सरळ, की मी पळवलेली आहे हे तुला ठाऊक होतं का. आई चुलीपाशी होती, गॅस असला तरी पाणी ती चुलीवरच तापवते. तिनं लाकूड आत सारलं आणि म्हणाली,

"न्हवतं ठाऊक म्हनू का? तुला बरं वाटत असंल तर म्हनते."

मी काही बोलले नाही. मग थोड्या वेळानं तीच म्हणाली की तुझ्या डोक्यातनं तांबडी माती निघत होती, तीन पाणी घातली तरी निघत होती, आणि तू आठ दिवस दाराकडं तोंड करून बसायचीस, खायला दिलं की खायचीस पण तोंड दाराकडंच. नवव्या दिवशी माझ्याकडं बघितलंस. मग मी काय करू. असं म्हणली, मग मी काय करू.

मला तिचा राग आला का तर आला. अजून येतो, मध्येच, भाजी निवडताना वगैरे. पण जिनं मला टायफॉईडमध्ये मिरजेच्या हॉस्पिटलात फरशीवर झोपून काढलं, जिनं माझ्या कॉलेजसाठी गळ्यातलं मोडलं, तिच्याबद्दल आहे तो राग, परक्या बाईबद्दल नाही. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत आणि लोक मला सारखं एक निवड म्हणतात, त्याचा वैताग येतो.

पोलिसात जा, असं सगळ्यात आधी सगळे सांगतात. मी एका वकिलांना गाठलं, ओळखीतले, फी घेत नाहीत पण खरं बोलतात. ते म्हणाले गुन्हा जुना आहे म्हणून भारतीय दंड विधानच लागेल. कलम ३६३ अपहरण, सात वर्षांपर्यंत. मुदत संपली असेल असं समजू नका, तीन वर्षांपेक्षा जास्त शिक्षेच्या गुन्ह्याला मुदतच नसते, तीस-पस्तीस वर्षांनी पण दाखल होतो. सांगलीत झिरो एफआयआर करता येईल, तो गयेला वर्ग होईल. मी म्हणलं बरंय की मग. मग ते म्हणाले आता ३६८ ऐका. पळवून आणलेलं आहे हे माहीत असून जो लपवून ठेवतो त्याला पळवणाऱ्याइतकीच शिक्षा. दादा गेले, त्यांच्यावर काही होणार नाही. राहिलं कोण? सगळा खेळ त्या 'माहीत असून' वर आहे, म्हणून आईला ठाऊक होतं का हा प्रश्न तिला चुकूनही विचारू नका.

मी म्हणलं विचारून झालाय. आणि तिचं उत्तर सांगितलं, आणि विचारलं की याला कबुली म्हणतात का. ते बराच वेळ पेनाचं टोपण काढघाल करत बसले.

माझी अडचण अशी आहे. ती बाई कशी दिसायची, कुठली भाषा बोलायची, मला आणलं तेव्हा माझ्या अंगावर काय होतं, हे सगळं बघितलेलं एकच माणूस आता जिवंत आहे आणि डोकं शाबूत आहे. काकांनी लांबनं बघितलं. माझ्या केसची एकुलती एक साक्षीदार आई आहे आणि एकुलती एक आरोपी पण आईच.

रात्री झोप येत नाही तेव्हा मी मोबाईलवर वाचत बसते. अर्जेंटिनाचं वाचलं. तिथं १९७६ ते १९८३ लष्करी राजवट होती, सरकारविरोधी म्हणून पोरापोरींना उचलायचे, त्यात गरोदर पोरी असायच्या, त्यांची बाळंतपणं कैदेतच व्हायची, मग आईला गायब करायचं आणि बाळ लष्करातल्या नाहीतर ओळखीच्या घरात द्यायचं. त्या बाळांच्या आज्या १९७७ पासनं एकत्र येऊन शोधायला लागल्या. आईबाप तर मारलेले, मग रक्त जुळवायचं कुणाशी, तर आजीशी जुळवता येतं हे शास्त्रज्ञांकडनं करून घेतलं, आणि १९८७ मध्ये सरकारनं कायदा करून जनुकांची राष्ट्रीय बँकच काढली. आजवर १३० च्या वर नातवंडं सापडली, ती आता चाळिशी-पन्नाशीची माणसं आहेत. पण त्यात मी ज्यावर अडकले ते वेगळंच. ज्यांनी वाढवलं त्यांच्यावर खटले चालले, शिक्षा झाल्या, आणि म्हणून काही नातवंडं रक्त द्यायलाच तयार नव्हती. प्रकरण तिथल्या सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं. हे वाचून मला बरं वाटलं असं म्हणणं चुकीचं होईल, पण जगात कुठंतरी माझ्यासारखा पेच पडलेली माणसं आहेत एवढं कळलं.

आपल्याकडं तशी बँक नाही. डीएनए कायद्याचं बिल २०१९ ला लोकसभेत आलं होतं, त्यात बेपत्ता माणसांच्या डीएनएची वेगळी नोंद ठेवायची तरतूद होती, ते २०२३ मध्ये मागं घेतलं. म्हणजे मी उद्या रक्त द्यायला तयार असले तरी ते ठेवायचं कुठं आणि जुळवायचं कुणाशी. परदेशात लोक घरच्या घरी थुंकीची टेस्ट करतात आणि चुलतभाऊ सापडतो, पण त्यासाठी तो चुलतभाऊ पण त्या यादीत पाहिजे, आणि सिंहभूममधला मजूर कशाला तिथं थुंकून पाठवील.

सिंहभूम का म्हणलं ते सांगते पुढं.

आपल्याकडं जे आहे ते सगळं पोर शोधणाऱ्यांसाठी आहे, आईबाप शोधणाऱ्या पोरांसाठी नाही. १०९८ ही हेल्पलाईन लहान पोरांसाठी. ट्रॅकचाईल्ड, खोया-पाया ही पोर्टलं, तीही लहान पोरांसाठी. दत्तक गेलेल्यांना काराकडं, म्हणजे दत्तकाचं काम बघणाऱ्या केंद्राच्या संस्थेकडं, मूळ शोधायचा अर्ज करता येतो, १८ पूर्ण झाली की स्वतःचा स्वतः, पण त्याला कायदेशीर दत्तक पाहिजे, संस्थेची फाईल पाहिजे. माझी फाईल म्हणजे काकांची सुपारी. आणि हरवलेल्या पोराची तक्रार आली की अपहरण धरून एफआयआर करायचाच असं सुप्रीम कोर्टानं सांगितलं ते २०१३ ला, बचपन बचाओ आंदोलनच्या केसमध्ये. १९९० ला कुठल्या मजूर बाईची पोर गेली असेल तर तिला ठाण्याच्या दारात तरी कुणी उभं केलं असेल का, याची मला शंका आहे. पोलिसांचं रेकॉर्ड कॉम्प्युटरवर जोडायची योजनाच २००९ ची. मी माहिती अधिकारात अर्ज टाकला होता, दहा रुपयांची पोस्टल ऑर्डर लावून, तिकडच्या एका कार्यालयानं कळवलं की इतकं जुनं रेकॉर्ड उपलब्ध नाही. खाली सही, शिक्का, आणि अपिलात जायचा पत्ता. पत्र व्यवस्थित होतं, आमच्या केंद्रातनं जाणारी पत्रं यापेक्षा गचाळ असतात.

मला कुणीही भेटलं की तो ऑस्ट्रेलियातला मुलगा सांगतात. सरू ब्रायर्ली, पाच वर्षांचा असताना बऱ्हाणपूर स्टेशनवरनं गाडीत झोपून कलकत्त्याला गेला, टास्मानियात दत्तक गेला, मोठेपणी गुगल अर्थवर रेल्वेचे रूळ धरून मागं मागं येत खांडव्यातलं घर शोधलं. बरोबर आहे, पण त्याला पाण्याची टाकी आठवत होती, पूल आठवत होता. मला काय आठवतं तर एका माणसाच्या पाठीवर झोपलेय आणि त्याच्या मानेला घामाचा आणि धुराचा वास येतोय. गुगलवर वासाचा सर्च नाही.

खरा धागा सापडला तो माझ्या पोटावर. बेंबीच्या भोवती चार डाग आहेत, हरभऱ्याएवढे, वर खाली आणि दोन बाजूला, जुने भाजल्याचे. आई म्हणायची आलीस तेव्हापासनंच आहेत. बाळंतपणात डॉक्टरीणबाईंनी विचारलं होतं हे काय, मी म्हणलं लहानपणी पोट दुखायचं म्हणून डागलं असेल, आपल्याकडं पण जुनी माणसं डागायची. विषय तिथंच संपला होता.

आमच्या भावकीतल्या एका दादाचं दुकान जमशेदपूरला आहे. वर म्हणलं ना गलाईवाले कुठंही असतात. गलाईवाल्यांचे व्हॉट्सॲप ग्रुप आहेत, सोन्याचा भाव, कुणाच्या मयताची बातमी, गावच्या यात्रेची वर्गणी, सगळं त्यावर. मी त्या दादाला वेगळा मेसेज करून डागांचं सांगितलं, फोटो नाही पाठवला, कागदावर काढून पाठवलं. त्याचा दुसऱ्या दिवशी फोन. म्हणाला ताई, इथं याला चिडी दाग म्हणतात. संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी, आखाण जात्रा म्हणतात त्या दिवसाला, पहाटे अंधारात बायका लेकरं घेऊन ठरलेल्या माणसाकडं जातात, तो शेणीच्या विस्तवात तार लाल करतो, बेंबीला तेल लावतो आणि भोवती डाग देतो, पोटाचा आजार होत नाही म्हणून. संथाल, हो या लोकांत, कोल्हानात, म्हणजे पूर्व आणि पश्चिम सिंहभूम आणि सरायकेलाकडं. डॉक्टर लोक दरवर्षी ओरडतात, तरी चालतं. दादा तिथं वीस वर्षं राहतो, त्याच्याकडं चांदी विकायला येणाऱ्या बायकांनी माझं चित्र बघून ओळखलं.

मग आईनं सांगितलेली तांबडी माती. गयेच्या बाजूला वीटभट्ट्या आहेत आणि त्या थंडीत सुरू होतात, पितृपक्षात नाही. भट्टीवर लांबलांबनं मजूर येतात, पोरं घेऊन. तिळकुटाचे दिवस, डोक्यात तांबडी माती, धुराच्या वासाचा माणूस. मी असं जोडलं. वकील म्हणतात हे कोर्टात उभं राहणार नाही. मला कोर्टात उभं करायचंच नाही, मला गावाचं नाव पाहिजे.

सोपं मात्र नाही. पोटाला डागणं आणखी कुठं कुठं आहे, मध्य प्रदेशात शहडोलकडं आहे, ओडिशात आहे, राजस्थानात भिलवाड्याकडं आहे, आणि आपल्या मेळघाटात डम्मा म्हणतात ते तेच. म्हणजे मी महाराष्ट्रातलीच निघाले तर हसायचं का रडायचं. शिवाय तेव्हा झारखंड नव्हतंच, १५ नोव्हेंबर २००० ला झालं, १९९० ला सगळं बिहारच, त्यामुळं कागद असला तर पाटण्याला आहे का रांचीला का चाईबाशाला हा वेगळा घोळ. आम्ही सेवा केंद्रात तालुका बदलला तरी लोकांना तीन चकरा मारायला लावतो, इथं राज्य बदललंय.

हे संथाल, हो असं कानावर गेलं आणि भावकी जागी झाली. इतके दिवस 'आणलेली' वर कुणाचं काही नव्हतं, कारण दादांनी आणली म्हणजे आपल्यातलीच असणार असं सगळ्यांनी सोयीनं धरलं होतं. दोन चुलते घरी आले, चहा घेतला आणि म्हणाले बाहेर काढू नको, उद्या पोराच्या लग्नाला अडचण. माझा पोरगा आठवीत आहे. मी म्हणलं त्याचा जातीचा दाखला त्याच्या बापाच्या कागदावर निघालाय, व्हॅलिडिटी पण निघंल, मीच फॉर्म भरणार आहे. नवरा मधेच खो खो हसला, ते बरं झालं. नवऱ्याचं म्हणणं तू शोध, मी पैशाचं बघतो, रडू मात्र नको. सासूबाई म्हणाल्या तीस वर्षांनी कशाला उकरायचं. मी त्यांना विचारलं तुमची लेक गेली असती तर तुम्ही किती वर्षांनी थांबला असता. त्या बोलल्या नाहीत, पण दुसऱ्या दिवशी त्यांनीच गजानन महाराजांच्या फोटोपुढं नारळ ठेवला.

भीती मला भावकीची नाही, दुसरीच आहे. चीनमधली यांग न्यूह्वा, १९९५ ला पाच वर्षांची असताना ग्वीचौ प्रांतातनं पळवली, लांब उत्तरेत विकली, तिनं २०२१ ला व्हिडिओ टाकला आणि थोड्याच दिवसांत बहीण सापडली. आईबाप तिला पळवल्यानंतर दोन-तीन वर्षांतच गेले होते. पळवणाऱ्या बाईवर तिनं केस लढवली, त्या बाईनं १७ पोरं विकली होती, २०२५ च्या फेब्रुवारीत तिचा मृत्युदंड अमलात आणला. मी हिशोब घालते की माझी जन्मदाती तेव्हा वीस-बावीसची असेल तर आज साठीच्या आतबाहेर, असायला हरकत नाही. पण विटा थापणाऱ्या बाईला वय कसं लागतं ते मी आमच्या ऊसतोडीच्या टोळ्यांत बघितलंय, चाळिशीत पाठ जाते.

तर आता काय करणार. येत्या संक्रांतीला जमशेदपूरला जाणार, आखाण जात्रेच्या पहाटे जिथं डाग देतात तिथं. दादानं दोन गावांतल्या म्हाताऱ्यांशी बोलून ठेवलंय, डाग देणारा माणूस पिढीजात असतो आणि चार डाग कुणी कसे द्यायचे, वर-खाली का तिरके, यात घराण्याघराण्यात फरक असतो असं एक म्हातारा त्याला म्हणाला. खरं-खोटं बघू. तिथं गेलं की विचारायचं एवढंच, की झारखंड व्हायच्या आधी गयेकडच्या भट्टीवर कोण जायचं आणि कुणाची पोरगी परत आली नाही. हे वाचणाऱ्यांत तिकडं नोकरीला असलेलं कुणी असेल, टाटानगर, चाईबासा, गया, कोडरमा, तर तुम्हीही तुमच्याकडं कामाला येणाऱ्या म्हाताऱ्या बायकांना विचारा. चार डाग, डाव्या भुवईत एक जुनी खोक, रंग सावळा, आणि बोलायला लागलेली होती पण आईला तिचं एक अक्षर कळत नव्हतं. माझं नाव, गाव इथं देत नाही, का ते वर आलंच.

वकील म्हणाले आईला कुणापुढं काही बोलू देऊ नका, तिला यातनं जितकं लांब ठेवता येईल तितकं ठेवा. मी आईला तसं सांगितलं, मी आणि जमशेदपूरचा दादा जाऊन येतो, तू पोराकडं बघ. आई म्हणाली, "त्या बाईला तू वळकणार हाईस का? आन् तुझ्या पोटावर कापड टाकून कुनी आनली, कंचा परकर व्हता, ते तू सांगणार? मी येनार." मी म्हणलं आई, पोलीस लागले मागं तर? तर म्हणाली लागू देत की, मी आता किती वर्षाची.

कोल्हापूर-धनबाद गाडी मिरजेवरनं जाते, गयेला थांबते, आठवड्यातनं एकदाच असते. आधी गयेला उतरायचं, आईला ती गल्ली दाखवायची, मग पुढं जमशेदपूरला दादाच्या घरी. तिघांची तिकिटं काढलीत. दोन कन्फर्म आहेत, आईचं अजून वेटिंगला आहे, आणि तिला खालचा बर्थ पाहिजे.